आधी नाव, मग शूटिंग

निजाम शूटिंगवाला नाव विचारल्याशिवाय कॅमेरा उचलत नसे. समोर नवरी असो नाहीतर पंगतीत जिलबी पळवणारं पोरगं असो, आधी नाव. ते नाव तो मोठ्याने परत म्हणायचा, "हां, चंद्रभागा आत्या, हिकडं बघा," आणि आत्याने बघितलं की मगच बटण दाबायचा. मांडव माणसांनी भरलेला असला तरी त्याचं हेच. मुहूर्ताची घाई झालेले भटजी त्याच्यावर वैतागायचे.

मी एकदा म्हणालो, अरे, तू शूटिंग करतोस का शिरगणती? तर म्हणाला, "पाटील, नाव घेतलं की मानूस डोळ्यात येतं. न्हाईतर फिलममधी निस्तं धोतार-सदरा फिरतो."

मी काही पाटील नाही. पाटलांच्या भावकीतला, एवढंच. पण तो मला पाटील म्हणायचा, आणि रागावला की आबासाहेब. मी निघोज्याचा. शाळा चौथीपर्यंत. जमीन कंपन्यांत गेली, उरली तिच्यावर पत्र्याची शेड बांधून भाड्याने दिली. हे माझ्या हाताने लिहितोय. चुका सापडतील त्या कुणी दुरुस्त करू नयेत, मला तसंच म्हणायचं असतं.

निजाम चाकणचा, अत्तार घराण्यातला. बापाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातच याने स्टुडिओ काढला. उन्हाळा असो, पावसाळा असो, अंगात खिशाखिशांचं जाकीट. एका खिशात बॅटऱ्या, एकात कॅमेऱ्याची काच पुसायला मलमलीचा तुकडा, एकात लवंगा. लग्नात बायामाणसांच्या जवळ उभं राहावं लागतं, तोंडाला वास नको, म्हणून सारखी लवंग. तंबाखूच्या या मुलखात लवंग चघळणारा तो एकटाच.

आणि लाईट धरायला त्याची बायको. रजियाभाभी. बाकीचे शूटिंगवाले हाताखाली पोरगा ठेवत, याने बायको ठेवली. सुरुवातीला गावोगाव चर्चा झाली. मुसलमानाची बाई, डोक्यावर ओढणी, हातात तो भला मोठा हॅलोजन, आणि भर मांडवात पुरुषांच्या गर्दीत उभी. पण तिच्यामुळे याला हळदीच्या खोलीत, चुलीपाशी, कुठेही जाता यायचं. भाभीचा हात म्हणजे खांब. वरात येऊन धडकली तरी उजेड हलायचा नाही.

आमच्याकडे बायकांची पंगत शेवटची. तोवर बाकीचे शूटिंगवाले जेवून गाडीत घोरत असायचे. निजाम मात्र बायकांचं पान वाढेपर्यंत जेवत नसे. एकेकीचं नाव विचारून घास घेताना शूटिंग करायचा. लोकांच्या घरच्या कॅसेटा बघा, घरच्या बायका अक्षता टाकताना दिसतात आणि मग गायब होतात. निजामच्या कॅसेटीत शेवटी त्याच जास्त. दमलेल्या, घामेजलेल्या, पण खुशीत.

त्याचं महत्त्व आम्हाला कळलं ते माझ्या पुतणीच्या लग्नात. धाकट्या भावाने हौसेने भोसरीचा महागातला शूटिंगवाला आणला होता. कॅसेट आली, सगळं घर बसलं बघायला. आधी नवरीचे पाय. मग पैंजण. मग मेंदी, बांगड्या, कमरपट्टा, गळा, नथ, ओठ. सगळं सुटं सुटं, झुळझुळ वाजंत्रीवर. मग मामा नवरीला बोहल्यावर घेऊन आला, तर मामाचं डोकंच कापलेलं. नवरीच्या शालूला जागा करायला त्या गृहस्थाने मामा गळ्यापासून वर उडवला. मामा तिथेच बसलेला. चहा न घेता उठला, चपला घातल्या, गेला. पुढे तो ना बारशाला आला, ना दिवाळीला.

भाऊ निजामकडे गेला. निजामने कॅसेट पाहिली आणि मामाबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, "ही तर सोनाराच्या दुकानाची जाहिरात झाली. पोरगी कुठाय ह्यात? तुकडं केलेत तिचं." मग भाभीला मोटारसायकलवर मागे बसवून मामाच्या गावी गेला. मामाला ओट्यावर बसवून, नाव विचारून, शूटिंग केलं आणि ते कॅसेटीच्या सुरुवातीला जोडलं. नवरीचंही नवं केलं, सासरी जाऊन, भाकरी थापताना, नाव घेऊन. अजून ती कॅसेट लावली की आधी मामा ओट्यावर गंभीर चेहऱ्याने बसलेला दिसतो, मग भाकरी, मग लग्न. बघणारे हसतात. पण त्यानंतरच्या दिवाळीला मामा आला.

दुसरी गोष्ट जत्रेची. तोवर कॅसेटा गेल्या होत्या आणि मोठे पडदे आले होते. जत्रेत ऑर्केस्ट्रा ठेवला की स्टेजच्या बाजूला घराएवढा पडदा, त्यावर नाचणाऱ्या पोरी मोठ्या करून दाखवायच्या. कमिटीने ते काम निजामला दिलं. त्याने काय करावं, तर कार्यक्रमाआधी स्टेजमागे जाऊन सगळ्या पोरींची नावं विचारून आला. त्यांना वाटलं, हा कुठला चौकशीवाला. एकीने म्हणे स्टेजवरचं नाव सांगितलं, मग जरा थांबून खरं सांगितलं.

गाणं सुरू झालं. पुढून आमची पोरं ओरडायला लागली, चाचा, खाली घ्या. निजाम चेहऱ्यावर. चाचा, झूम करा, खाली. निजाम चेहऱ्यावरच. मग कमिटीतला एकजण उठून त्याच्या कानाशी गेला, पब्लिक नाराज होतंय म्हणाला. निजामने मान हलवली आणि कॅमेरा सावकाश उलटा फिरवला. पब्लिककडे.

घराएवढ्या पडद्यावर आमचं गाव आलं. वासलेली तोंडं, तोंडात घातलेली बोटं, मोबाईल वर धरलेले काका लोक. शिट्टी अर्ध्यात थांबली. कुणी रुमालात तोंड घातलं, कुणी खाली वाकून चप्पल शोधू लागला. आणि बायकांच्या बाजूने हसू फुटलं ते थांबेना. स्टेजवरच्या पोरीही हसत होत्या आणि हसता हसता नाचत होत्या. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला नाच तोच झाला. मी पुढच्या खुर्चीवर होतो. मी टोपी सारखी करत होतो, पडद्यावर तेवढंच दिसलं. बाकी कोणी काही सांगत असेल तर ते खोटं.

कमिटीने त्याला पुन्हा काम दिलं नाही. तो जत्रेला यायचा, भाभीला घेऊन. रेवड्या घ्यायचा, पडद्याकडे लांबूनच थोडं बघायचा आणि घरी जायचा. एकदा मी म्हणालो, कशाला हट्ट केलास? काम गेलं ना. म्हणाला, "आबासाहेब, मी फकस्त कॅमेरा फिरवला. त्यात दिसलं ते माझं न्हवतं." रागावला होता म्हणून आबासाहेब.

आता माझी नात समीक्षा. माझा मुलगा रहाटणीत फ्लॅटमध्ये राहतो, ती आकुर्डीला कॉलेजात जाते. आमच्या पट्ट्यात कोरियन साहेब आले, मग त्यांची हॉटेलं आली, आणि पोरांच्या मोबाईलमध्ये त्यांची गाणी आली. समीक्षा आणि तिच्या मैत्रिणी मिळून पाचजणी त्या गाण्यांवर नाच बसवायच्या, अगदी हुबेहूब. कुठल्याशा स्पर्धेला त्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. मी म्हणालो, मूळ दाखव.

रहाटणीच्या मोठ्या टीव्हीवर लावलं. गाणं सुरू झालं की टाच. मग पोटरी. मग मांडी. कॅमेरा जिना चढल्यासारखा वर वर जातो आणि तोंडाशी पोचला की पळून जातो, पुन्हा दुसरीच्या टाचेवर. पोरी बाहुल्यांसारख्या सुंदर, एक जीभ चावून बघते, एक ओठावर बोट ठेवते. एक केक खाते, पण खात काहीच नाही. मी म्हणालो, बंद कर. आमच्या घरची पोरगी हे करणार नाही.

सून स्वयंपाकघरात निघून गेली. मुलगा म्हणाला, आबा म्हणतील ते. समीक्षा रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. म्हणाली, "आबा, तुमच्याच शेडमध्ये करू. शूटिंग निजामचाचा करतील. झालं की तुम्ही बघा. नाही म्हणालात तर मी नाच सोडते."

"आणि हो म्हणालो तर?"

"तर परत कधी मला थांबवायचं नाही."

पोरगी हुशार. निजामवर माझा भरवसा आहे हे तिला ठाऊक होतं. मी कबूल झालो, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही.

आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, शेड रिकामी. मशिनी कापडाने झाकल्या, मधली फरशी पोरींनीच धुतली. निजाम आला, भाभी आली. मी शटरपाशी खुर्ची टाकून बसलो. रस्त्यावरून कोणी डोकावायचं नाही, असा माझा बंदोबस्त. एक ट्रकवाला पत्ता विचारायला थांबला, त्याला मी काठी दाखवूनच वाटेला लावलं.

निजामने मूळ गाणं मोबाईलवर बघितलं. मग पुन्हा लावायला सांगितलं आणि विचारायला लागला, ही कोण? समीक्षा सांगत गेली. हिचं हे नाव, हिचा आवाज चांगला, हिला कुत्री आवडतात, ही आईची आठवण काढून स्टेजवर रडली होती. भावकीतल्या मुलींबद्दल सांगावं तसं. निजाम खूश. मग टाच आली तिथे त्याने गाणं थांबवलं.

"आन ही कोन?"

समीक्षाने मोबाईल जवळ घेतला. मैत्रिणी वाकल्या. एकीने एक नाव सांगितलं, दुसरीने दुसरं. काळेवाडीच्या मेकॅनिकची आफरीन म्हणून एक होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "चाचा, यात असंच असतं."

"आसंच असतं व्हय. मग पोरांचं कसं असतं, ते दाखव."

पोरांचं गाणं लावलं. कॅमेरा खाली जमिनीजवळ, त्यामुळे पोरं ताडासारखी उंच. चेहरा, चेहरा, पुन्हा चेहरा. एकाने मात्र मध्येच सदरा वर केला आणि कॅमेरा त्याच्या पोटावर थांबला. रजियाभाभीने ओढणी तोंडाला लावली. "अगं बाई, ह्याचंबी पोट इकायला काढलंय." पोरींना हसू आवरेना.

पण समीक्षा हसली नाही. म्हणाली, सगळी गाणी अशी नसतात, आणि आणखी एक लावलं. त्यात पोरी काळ्या कपड्यांत रांगेने उभ्या, कॅमेऱ्याकडे अशा बघतात की कॅमेराच मागे सरकतो. मग ती जे म्हणाली ते मी तिथे बसून ऐकलं. "चाचा, पहिल्या गाण्यातला नाच या सगळ्यांत भारी आहे. उपाशी राहून, पाय सुजेपर्यंत घाम गाळून बसवलाय त्यांनी. आणि दाखवणाऱ्याने तोच कापून टाकलाय, पाय दाखवायला. मला तो नाच अख्खा करायचाय."

मी म्हणालो, मग स्कर्ट तरी लांब घाला. समीक्षा म्हणाली, कपडे आम्ही निवडलेत. मी निजामकडे बघितलं, हा तरी माझी बाजू घेईल म्हणून. तो लेन्स पुसत होता. "पाटील, कापड माझ्या धंद्यात येत न्हाई. कुठून बघायचं, तेवढं येतं."

आणि मग त्याने माती केली.

गाणं लावलं, पोरी नाचल्या, निजाम त्यांच्यातून फिरला. मध्येच ओरडायचा, "हां समीक्षा, हिकडं बघ! आफरीन, हिकडं!" पोरी दचकायच्या, पाऊल चुकायचं. झाल्यावर लॅपटॉपवर लावलं. पाच चेहरे, एकामागोमाग एक, हळदीला बसल्यासारखे. छान हसतायत, उजेड सुरेख. पण गळ्याखाली काही नाही. हात नाही, पाऊल नाही, नाच नाहीच.

आफरीन म्हणाली, "चाचा, हे लग्न झालं. आता आहेर द्यायचा का?"

निजाम तेलाच्या रिकाम्या पिंपावर जाऊन बसला. खिशातून लवंग काढून तोंडात टाकली. आयुष्यभर ज्याच्यावर उभा राहिला तेच चुकलं होतं, आणि तेही पोरींसमोर. मला वाटलं, आता उठून जाईल. आणि तो गेला असता तर समीक्षाचा नाचही तिथेच संपला असता, कारण दुसऱ्या कुणाला मी शेडमध्ये येऊ दिलं नसतं.

लवंग चावत म्हणाला, "मीबी कापलंच की. त्यांनी वरचं कापलं, मी खालचं." मग समीक्षाला म्हणाला, "तू सांग, कुठं हुबा राहू?"

तिथून पुढे पोरी मास्तर झाल्या आणि तो विद्यार्थी. लांब उभं राहायचं, सगळ्याजणी डोक्यापासून पायापर्यंत. पुढे कोण कधी येणार ते त्याला पाठ करायला लावलं. त्याला त्यांचे ठेका मोजायचे आकडे पाठ होईनात, पाच-सहा-सात-आठ. शेवटी त्याने नावांवरच बसवलं. आता समीक्षा, आता आफरीन, असं पुटपुटायचा. पोरींनीही ते मान्य केलं. गाण्याचा आवाज नंतर जोडायचा होता, त्यामुळे पुटपुटणं चालून गेलं. जिचं नाव येईल ती पुढे येऊन थेट काचेत बघणार, आणि तेव्हाच तो जवळ जाणार. तिने बघितलं नाही तर नाही जाणार.

मोठी अडचण होती ती उलटं चालायची. पोरी पुढे येतात तेव्हा याने मागे मागे जायचं, या वयात, मशिनींच्या मधून. मग भाभीने लाईट एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याचं जाकीट मागून धरलं. ओढायची, थांबवायची, वळवायची. बैलाला कासरा असतो तसा. असा तो दुपारभर मागे मागे चालला. त्याचा हात तेव्हाच जरासा कापायला लागला होता, पण कॅमेरा छातीशी धरला की कळायचं नाही.

पुढच्या रविवारी रहाटणीला मला बोलावलं. सगळे बसले. समीक्षा माझ्या मागे उभी राहिली, मला तिचं तोंड दिसू नये म्हणून असेल.

पाचजणी अख्ख्या दिसत होत्या. पाय एकदम फरशीवर पडत होते, कपाळावरचा घाम दिसत होता, धाप दिसत होती. मागे माझी शेड, माझे पत्रे. स्कर्ट आखूडच होते, ते मी आजही म्हणतो. पण बघताना सारखं तिकडे लक्ष जात नव्हतं, कारण नाच सोडून नजर हलवायला सवडच नव्हती. मग समीक्षा पुढे आली आणि तिने बघितलं. सरळ. माझी आई अशी बघायची, खळ्यात कोणी चपला घालून आला की.

संपल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, परत लाव. परत लावलं.

"गुडघ्यापर्यंत पाहिजे होता," मी म्हणालो. टोपी सारखी केली. "पण पाठव."

स्पर्धेत नंबर आला नाही. मूळ गाण्यासारखं दिसत नाही, असं काहीतरी कळवलं म्हणे. निजामला ते सांगितलं तेव्हा तो इतका हसला की लवंग गिळली. पण दर गुरुवारी शेडमध्ये पोरी वाढत गेल्या. निघोज्याच्या आल्या, कंपनीत कामाला असलेल्या परभणीच्या दोघी बहिणी आल्या. भाडेकरू कुरकुरला तेव्हा मी त्याला शेड कोणाची आहे ते सांगितलं.

निजामचा हात पुढे फारच कापायला लागला. लग्नं बंद केली. कॅमेरा विकला नाही, समीक्षाला शिकायला दिला. दर गुरुवारी यायचा, पिंपावर बसायचा. ती कोणाकडे कॅमेरा वळवताना नाव विचारायला विसरली की तो नुसता खाकरायचा.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. पोरी पाणी प्यायला थांबल्या होत्या. समीक्षा कॅमेरा खांद्यावर घेऊन भाभीसमोर गेली आणि म्हणाली, चाची, तुम्ही या समोर. भाभी लाईट घेऊन मागे सरली. मला काय नाचायचंय का, म्हणाली. समीक्षा म्हणाली, नाचू नका, नुसतं उभं राहा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पंचक्रोशीतल्या इतक्या लग्नांत ही बाई हजर होती आणि एकाही कॅसेटीत ती नाही. असलाच तर तिचा उजेड आहे.

निजाम पिंपावरून उठला. भाभीच्या हातातला लाईट त्याने घेतला. तिला उजेडात सोडून तो बाजूला जाऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी लाईट वर धरून.

समीक्षाने विचारलं, "नाव काय?"

"तुला ठावं हाय की."

"तुम्ही सांगा."

"रजिया निजाम अत्तार," भाभी म्हणाली. मग ओढणी सारखी केली, मान वर केली आणि काचेत बघून नुसतंच म्हणाली, "रजिया."

पाऊस लागायच्या आत निजाम गेला. ती फिल्म समीक्षाने माझ्या मोबाईलमध्ये घालून दिली आहे. कशी लावायची ते मला येतं, कुणाला विचारावं लागत नाही. त्यात भाभी एकटीच आहे, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. बघते ती थेट आपल्याकडे. निजाम कुठेच दिसत नाही. फक्त तिच्या तोंडावरचा उजेड जरा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. तेवढा निजाम.